कार्बन नॅनोट्यूब घालून ग्लुकोज सेन्सर बनवताना: प्रयोगशाळेत पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी

ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कार्बन नॅनोट्यूब या जोडीवर शोधनिबंध ढिगाने सापडतात. पण प्रत्यक्ष कृती बहुतेक ठिकाणी चार ओळींत उरकलेली असते: नॅनोट्यूब विखुरल्या, इलेक्ट्रोडवर थेंब टाकला, एन्झाइम बसवले, ग्लुकोज मोजले. त्या ओळींच्या मधे जे घडते ते कुणी लिहीत नाही, आणि नवा विद्यार्थी नेमका तिथेच अडकतो. हा लेख त्या मधल्या जागेसाठी आहे. तुम्ही एम.एस्सी.च्या प्रकल्पावर असा किंवा संशोधनाच्या पहिल्या वर्षात, इथल्या क्रमाने गेलात तर निदान चूक कुठे झाली हे तुम्हाला शोधता येईल.

सुरुवात एका गैरसमजापासून करतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

आधी हे पक्के करा: नॅनोट्यूब इथे काय करते?

ग्लुकोज ओळखण्याचे काम पूर्णपणे एन्झाइमचे आहे. ग्लुकोज ऑक्सिडेज बीटा-डी-ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते. त्यातून ग्लुकोनोलॅक्टोन तयार होते आणि एन्झाइमच्या पोटातला एफएडी हा घटक क्षपित होतो. द्रावणातला ऑक्सिजन त्या एफएडीला पुन्हा मूळ रूपात आणतो आणि स्वतः हायड्रोजन पेरॉक्साइड बनतो. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये एन्झाइम इलेक्ट्रोडची कल्पना मांडली, १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी एन्झाइम जेलमध्ये अडकवून ती चालवून दाखवली, तेव्हापासून हे मूळ तत्त्व तेच आहे.

नॅनोट्यूब तीन गोष्टी करते. इलेक्ट्रोडचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ वाढवते. एन्झाइमला धरून ठेवायला जागा देते. आणि पेरॉक्साइडचे ऑक्सिडीकरण साध्या कार्बनपेक्षा बऱ्याच कमी पोटेन्शियलला होऊ देते. २००३ मध्ये वांग, मुसामेह आणि लिन यांनी नाफिऑन या ऋण भाराच्या पॉलिमरमध्ये नॅनोट्यूब विखुरून हा शेवटचा फायदा स्पष्टपणे दाखवला, आणि त्यानंतर या पद्धतीची लाटच आली.

चौथी गोष्ट जिकडेतिकडे लिहिलेली दिसते: नॅनोट्यूब थेट एफएडीपर्यंत पोहोचते आणि इलेक्ट्रॉन सरळ उचलते. यावर विश्वास ठेवून काम सुरू करू नका. ग्लुकोज ऑक्सिडेज हे सुमारे १६० किलोडाल्टनचे, दोन उपघटकांचे प्रथिन आहे आणि त्यातला एफएडी पृष्ठभागापासून १३ ते १५ अँगस्ट्रॉम आत दडलेला आहे. भोवती साखरेच्या साखळ्यांचे वेष्टणही असते. या दाव्याची परीक्षा कशी घ्यायची ते नवव्या पायरीत सविस्तर सांगितले आहे. घाई असेल तर दुसरे काही वाचले नाही तरी चालेल, ती पायरी मात्र वाचा.

काय काय जमवावे लागेल

- पोटेन्शिओस्टॅट आणि तीन इलेक्ट्रोडचा सेल: ३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन, प्लॅटिनमची तार, आणि सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोड
- बहुभित्तिक (एकात एक बसलेल्या अनेक भिंतींच्या) नॅनोट्यूब. पुरवठादाराने दिलेले शुद्धतेचे आणि धातूंच्या प्रमाणाचे पत्रक जपून ठेवा
- ॲस्परजिलस नायजरपासून मिळवलेले ग्लुकोज ऑक्सिडेज. डबीवर ‘युनिट प्रति मिलिग्रॅम’ आणि कॅटॅलेजचे प्रमाण लिहिलेले हवे
- बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, ग्लुटाराल्डिहाइड; सहसंयुज बंध हवे असतील तर ईडीसी आणि एनएचएस (कार्बोक्झिल गट सक्रिय करून अमाइन गटाशी जोडणारी रसायने)
- नाफिऑन किंवा कायटोसान
- ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.० ते ७.४
- डी-ग्लुकोज, ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, पोटॅशियम फेरिसायनाइड, पोटॅशियम क्लोराइड
- ॲस्कॉर्बिक आम्ल, युरिक आम्ल, पॅरासिटामॉल (व्यत्यय तपासण्यासाठी)
- १.०, ०.३ आणि ०.०५ मायक्रोमीटरची ॲल्युमिना पावडर आणि पॉलिशिंगचे कापड
- नायट्रोजन किंवा अरगॉनचा सिलिंडर. हा ‘असला तर बरा’ या यादीत टाकू नका. याच्याशिवाय निम्मे निष्कर्ष काढता येत नाहीत

१. मोजायचे काय ते ठरवा

तीन वाटा आहेत. पहिली, तयार होणारे पेरॉक्साइड मोजणे. दुसरी, एन्झाइमकडून इलेक्ट्रोडपर्यंत इलेक्ट्रॉन नेणारा कृत्रिम मध्यस्थ ऑक्सिजनऐवजी वापरणे. बोटातून थेंब काढून साखर बघायच्या पट्ट्या याच वाटेने आल्या. १९८४ साली फेरोसिनचा मध्यस्थ म्हणून वापर प्रसिद्ध झाला आणि पुढे विद्युत-रासायनिक पद्धतीचे घरगुती ग्लुकोमीटर शक्य झाले. ऑस्मियमयुक्त पॉलिमरने एन्झाइम ‘वायर’ करण्याची ॲडम हेलर यांची पद्धतही याच कुळातली. तिसरी वाट थेट इलेक्ट्रॉन हस्तांतरणाची.

नवख्याने पहिली वाट धरावी असे माझे स्पष्ट मत आहे. पेरॉक्साइड वेगळे विकत मिळते. म्हणून एन्झाइम न लावताही इलेक्ट्रोड काम करतो का ते तपासता येते, आणि बिघाड झाला तर तो नॅनोट्यूबच्या थरात आहे की एन्झाइमच्या थरात, हे कळते. खालच्या पायऱ्या याच वाटेसाठी लिहिल्या आहेत.

२. नॅनोट्यूब निवडताना आणि हाताळताना

एकभित्तिक नॅनोट्यूबचे आकर्षण सोडा. त्यांत साधारण एक तृतीयांश धातूसारख्या वाहक आणि दोन तृतीयांश अर्धवाहक असतात, त्या महाग असतात आणि त्यांचे जुडगे सुटता सुटत नाहीत. १० ते ३० नॅनोमीटर व्यासाच्या बहुभित्तिक नॅनोट्यूब या कामाला पुरेशा आहेत.

सुरक्षेकडे मात्र काणाडोळा नको. कोरडी नॅनोट्यूब पावडर अतिशय हलकी असते, हवेत उडते आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकते. बहुभित्तिक नॅनोट्यूबचा एक विशिष्ट प्रकार, एमडब्ल्यूसीएनटी-७, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्या २बी गटात ठेवला आहे. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने २०१३ मध्ये आठ तासांच्या सरासरीसाठी हवेत घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम ही शिफारस-मर्यादा दिली. म्हणून पावडर तोलायची ती बंदिस्त कपाटात किंवा फ्यूम हूडमध्ये, योग्य प्रतीचा मास्क आणि हातमोजे घालूनच. तोलून झाल्यावर लगेच द्रवात भिजवा; ओली झाली की उडण्याचा धोका जवळजवळ संपतो. सांडलेली पावडर कधीही झाडू नका, ओल्या कागदाने टिपा. कचरा वेगळ्या झाकणबंद डब्यात जमा करा, बेसिनमध्ये नाही.

३. आम्लाने धुणे

कारखान्यातून आलेल्या नॅनोट्यूबांत लोह, कोबाल्ट, निकेल अशा उत्प्रेरक धातूंचे कण आणि आकारहीन कार्बन असतो. संहत गंधकाम्ल आणि नायट्रिक आम्ल यांचे ३:१ मिश्रण वापरून काही तास बाथ सोनिकेटरमध्ये ठेवले की बराच कचरा निघतो आणि टोकांवर व दोषांच्या जागी कार्बोक्झिल गट तयार होतात. या गटांमुळे नॅनोट्यूब पाण्यात विखुरते आणि पुढे एन्झाइमला बांधता येते.

हे मिश्रण तापते आणि तपकिरी विषारी वायू सोडते, तेव्हा सगळे काम फ्यूम हूडमध्ये. झाल्यावर मिश्रण भरपूर थंड पाण्यात हळूहळू ओता. पाणी मिश्रणात कधीच ओतायचे नाही. मग ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळा आणि गाळलेले पाणी उदासीन पीएचच्या जवळ येईपर्यंत धुवत राहा. टेफ्लॉनची गाळणी घेणार असाल तर जलस्नेही प्रकारची घ्या. साधी टेफ्लॉन गाळणी अल्कोहोलने भिजवावी लागते, आणि नायट्रिक आम्लाच्या सान्निध्यात अल्कोहोल किंवा ॲसिटोन आले तर स्फोट होऊ शकतो. आम्लाच्या टाकाऊ बाटलीतही सेंद्रिय द्रावक चुकूनही टाकू नका.

किती वेळ ठेवायचे? जास्त ठेवले तर नॅनोट्यूब तुकडे होऊन लहान होते आणि वाहकता घटते. कमी ठेवले तर विखुरत नाही. तीन तासांपासून सुरुवात करा आणि प्रत्येक खेपेला वेळ, तापमान, आम्लाचे आकारमान लिहून ठेवा. दोन खेपांचा माल एकत्र मिसळू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा: काही धातूकण कार्बनच्या कवचात बंद असतात आणि आम्लाला दाद देत नाहीत. हे अवशेष स्वतःच पेरॉक्साइडच्या अभिक्रियेला चालना देऊ शकतात. रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने या मुद्द्यावर बरेच काम केले आहे. नॅनोट्यूबचा ‘चमत्कार’ म्हणून गाजलेले काही परिणाम प्रत्यक्षात धातूच्या अशुद्धीचे निघाले.

४. विखुरण

धुऊन सुकवलेल्या नॅनोट्यूब मिलिलिटरला १ मिलिग्रॅम या प्रमाणात घ्या. माध्यमाचे पर्याय असे:

कायटोसान (१ टक्का ॲसेटिक आम्लात ०.५ ते १ टक्का) एन्झाइमला मानवते आणि चांगला थर देते. नाफिऑन ०.५ टक्क्यापर्यंत पातळ करून वापरतात. त्याचा ऋण भार ॲस्कॉर्बेट आणि युरेट या ऋण आयनांना दूर ठेवतो, हा मोठा फायदा आहे. पण विकत मिळणारे नाफिऑन तीव्र आम्लधर्मी असते. एन्झाइमशी थेट मिसळायचे असेल तर आधी उदासीन करून घ्या. डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये विखुरण उत्तम होते, पण ते पूर्ण उडून जाईपर्यंत एन्झाइम जवळ आणू नका. साबणासारखे पृष्ठसक्रिय पदार्थ विखुरायला सोपे, पण ते थरात अडकून राहतात आणि प्रथिनांची घडी मोडू शकतात. मी ते या कामात टाळतो.

बाथ सोनिकेटरमध्ये अर्धा ते एक तास पुरेसा होतो. प्रोब सोनिकेटर वापरलात तर भांडे बर्फात ठेवा आणि थांबत थांबत चालवा. तयार द्रावण एक दिवस तसेच ठेवून बघा. तळाशी गाळ बसला तर ते इलेक्ट्रोडवर टाकण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक थेंबात नॅनोट्यूबचे प्रमाण वेगळे येईल आणि तुमचे इलेक्ट्रोड एकमेकांशी जुळणार नाहीत.

५. इलेक्ट्रोड घासणे, थर देणे, तपासणे

ग्लासी कार्बन १.०, ०.३, ०.०५ मायक्रोमीटर या क्रमाने ॲल्युमिनावर इंग्रजी आठच्या आकारात घासा. दोन पावडरींच्या मधे स्वच्छ पाण्याने धुवा आणि प्रत्येक पावडरीला वेगळे कापड ठेवा. शेवटी पाण्यात थोडा वेळ सोनिकेट करा.

मग ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडमधील ५ मिलिमोलर फेरिसायनाइडमध्ये सायक्लिक व्होल्टॅमेट्री (पोटेन्शियल पुढे-मागे फिरवत प्रवाह नोंदवणे) करा. आदर्श स्थितीत दोन शिखरांमधले अंतर ५९ मिलिव्होल्ट असते. नीट घासलेल्या इलेक्ट्रोडवर ते ८० च्या आत यायला हवे. शंभराच्या वर गेले तर पुन्हा घासा. हा टप्पा गाळून पुढे गेलेल्यांचे बहुतेक ‘अनाकलनीय’ परिणाम इथेच जन्मलेले असतात.

आता नॅनोट्यूबचा ५ मायक्रोलिटर थेंब ठेवा. घाईने वाळवला तर नॅनोट्यूब काठाकडे सरकून गोल कडे तयार होते आणि मधे थर विरळ राहतो. झाकणाखाली सावकाश वाळू द्या. एका जाड थेंबापेक्षा दोन पातळ थर बरे.

थर दिल्यावर फेरिसायनाइडची चाचणी पुन्हा करा. शिखरे उंच होतील आणि अंतरही घटेल. ‘नॅनोट्यूबमुळे इलेक्ट्रॉन हस्तांतरण वेगवान झाले’ असे लगेच लिहून टाकू नका. सच्छिद्र थरात अडकलेल्या द्रावणाचा पातळ थर तयार होतो आणि त्यानेही अंतर कमी दिसते. शिवाय पार्श्वभूमीचा धारक (कपॅसिटिव्ह) प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. क्षेत्रफळ वाढले की संकेताबरोबर गोंगाटही वाढतो. म्हणून नॅनोट्यूबचे प्रमाण वाढवत नेले की एका मर्यादेनंतर सेन्सर सुधारण्याऐवजी बिघडतो. दोन-तीन प्रमाणे करून बघा आणि संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर सर्वांत चांगले कुठे येते ते घ्या.

शेवटी एन्झाइम लावण्याआधी पेरॉक्साइड टाकून बघा. ३० टक्के पेरॉक्साइड ठेवल्या ठेवल्या विघटित होत जाते, म्हणून बाटलीवरच्या आकड्यावर विसंबू नका. पातळ करून २४० नॅनोमीटरला शोषण मोजा आणि ४३.६ प्रति मोलर प्रति सेंटिमीटर हा गुणांक वापरून खरी संहती काढा. मग +०.२ ते +०.७ व्होल्टपर्यंत ०.१ च्या टप्प्याने प्रत्येक पोटेन्शियलला पेरॉक्साइडचा प्रतिसाद नोंदवा. हा आलेख तुमच्या कामाचा नकाशा आहे. मोजण्याचे पोटेन्शियल त्यातूनच ठरवायचे, दुसऱ्याच्या निबंधातून उचलायचे नाही.

६. एन्झाइम बसवणे

नुसते चिकटवणे सर्वांत सोपे. एन्झाइमचे द्रावण थरावर ठेवले की काही भाग चिकटतो, पण तो हळूहळू धुतला जातो. पहिली ओळख करून घ्यायला ठीक, दोन दिवसांपलीकडच्या कामाला नाही.

जाळे विणणे माझ्या मते नवख्यासाठी सर्वोत्तम. फॉस्फेट बफरमध्ये मिलिलिटरला १० मिलिग्रॅम ग्लुकोज ऑक्सिडेज आणि त्याच्या दोन-तीन पट अल्ब्युमिन घ्या आणि थोडे ग्लुटाराल्डिहाइड टाका. त्याचे शेवटचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत ठेवा. लगेच ५ मायक्रोलिटर थरावर ठेवा, कारण मिश्रण मिनिटांत घट्ट होऊ लागते. ग्लुटाराल्डिहाइड जास्त झाले की एन्झाइम घट्ट बांधले जाते खरे, पण त्याची क्रियाशीलता जाते. अल्ब्युमिन इथे उगाच नाही: बंधांचा बराचसा मारा ते स्वतःवर घेते आणि एन्झाइम वाचते.

सहसंयुज बंध हवे असतील तर ईडीसी आणि एनएचएस. नॅनोट्यूबवरचे कार्बोक्झिल गट एमईएस बफरमध्ये पीएच ५ ते ६ ला १५ ते ३० मिनिटे सक्रिय करा, धुवा, मग पीएच ७.४ च्या जवळ एन्झाइम द्या आणि ४ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवा. इथे दोन सापळे आहेत. ट्रिस किंवा ग्लायसिन असलेले बफर वापरले तर त्यांचे अमाइन गटच जागा अडवतात आणि एन्झाइम उपाशी राहते. आणि ईडीसी ओलाव्याने खराब होते. फ्रीझरमधून काढल्यावर डबी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा.

एन्झाइमच्या डबीकडेही नीट बघा. स्वस्त, कमी शुद्ध ग्लुकोज ऑक्सिडेजमध्ये कॅटॅलेज मिसळलेले असू शकते. कॅटॅलेजचे काम पेरॉक्साइड फोडणे. म्हणजे तुमचे एन्झाइम जे बनवते ते शेजारीच नष्ट होते आणि इलेक्ट्रोडपर्यंत फार थोडे पोहोचते. पेरॉक्साइडला उत्तम प्रतिसाद देणारा इलेक्ट्रोड एन्झाइम लावल्यावर अचानक सुस्त झाला, तर पहिला संशय इथे घ्या.

७. बाहेरचे आवरण

वरून पातळ नाफिऑन किंवा पॉलियुरेथेनचा थर देण्यामागे एक महत्त्वाचे कारण आहे. हवेशी समतोल साधलेल्या बफरमध्ये २५ अंशांना ऑक्सिजन केवळ ०.२५ मिलिमोलरच्या आसपास असतो. रक्तात उपाशीपोटी ग्लुकोज ३.९ ते ५.६ मिलिमोलर, आणि मधुमेहात २० च्या वरही. एका ग्लुकोजला एक ऑक्सिजन लागतो. म्हणजे ऑक्सिजन आधी संपतो आणि आलेख सपाट होतो. बाहेरचे आवरण ग्लुकोजला अडवते, ऑक्सिजनला फारसे अडवत नाही, आणि सरळ रेषेची कक्षा वाढते. संवेदनशीलता घटते, हे खरे. पण रक्तातली साखर मोजायची असेल तर हा सौदा करावाच लागतो.

८. ग्लुकोजचे द्रावण आणि मोजमाप

१ मोलर द्रावणासाठी १८.०१६ ग्रॅम निर्जल डी-ग्लुकोज बफरमध्ये विरघळवून एकूण आकारमान १०० मिलिलिटर करा. ते खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवल्याशिवाय वापरू नका. स्फटिकरूप ग्लुकोज सहसा आल्फा रूपात असते आणि एन्झाइम जवळजवळ फक्त बीटा रूप ओळखते. पाण्यात दोन्ही रूपे हळूहळू समतोलाला येतात: सुमारे ३६ टक्के आल्फा, ६४ टक्के बीटा. ताजे द्रावण वापरले तर सकाळचा आणि संध्याकाळचा आलेख जुळत नाही आणि दोष उगाच इलेक्ट्रोडला लागतो. समतोल साधल्यावर बाटली फ्रीजमध्ये ठेवा; बुरशी दिसली किंवा द्रावण गढूळ झाले की टाकून द्या.

मोजताना १० मिलिलिटर बफर, एकसारखे ढवळणे, ठरवलेले पोटेन्शियल. नॅनोट्यूबच्या थरामुळे पार्श्वप्रवाह स्थिर व्हायला बराच वेळ लागतो. उतरता प्रवाह दिसत असताना ग्लुकोज टाकू नका. स्थिर झाल्यावर १० मायक्रोलिटर द्रावण टाकले की सेलमधली संहती साधारण १ मिलिमोलरने वाढते. प्रत्येक पायरी सपाट झाल्यावर पुढची भर घाला. शेवटी आकारमानात झालेली वाढ हिशेबात धरा. तापमानही नोंदवा, एन्झाइमचा वेग त्यावर बदलतो.

९. नियंत्रण प्रयोग: इथे कसर नको

पुढचे इलेक्ट्रोड नेहमी सोबत बनवा. नॅनोट्यूब आहे पण एन्झाइम नाही. एन्झाइम आहे पण नॅनोट्यूब नाही. एन्झाइमच्या जागी तेवढेच अल्ब्युमिन. आणि उष्णतेने निकामी केलेले एन्झाइम. पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज टाकल्यावर प्रवाह दिसला, तर तो एन्झाइमचा नाही, एवढे सरळ आहे. दुसरा इलेक्ट्रोड नॅनोट्यूबने नेमकी किती भर घातली ते सांगतो.

आता थेट हस्तांतरणाच्या दाव्याकडे. नॅनोट्यूबवर ग्लुकोज ऑक्सिडेज ठेवून नायट्रोजनखाली व्होल्टॅमेट्री केली की सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत –०.४५ व्होल्टच्या आसपास सुबक शिखरांची जोडी दिसते. असंख्य निबंधांत तिला थेट हस्तांतरणाचा पुरावा मानले आहे. पण एन्झाइममधून सुटून नॅनोट्यूबवर चिकटलेला मोकळा एफएडीसुद्धा अशीच शिखरे देतो. जोडी दिसली याचा अर्थ एवढाच, की तिथे कुठेतरी एफएडी आहे.

दुसरा फसवा पुरावा आणखी अवघड. हवेतल्या बफरमध्ये त्याच पोटेन्शियलला ऑक्सिजनच्या क्षपणाचा प्रवाह असतो. ग्लुकोज टाकले की तो घटतो, आणि ग्लुकोजच्या प्रमाणात घटतो. कॅलिब्रेशनचा आलेख अगदी देखणा येतो. पण एन्झाइमने ऑक्सिजन खाल्ला म्हणून प्रवाह घटला. हा ऑक्सिजन मोजणारा सेन्सर आहे. सेन्सर म्हणून तो चांगला असू शकतो, थेट हस्तांतरणाशी मात्र त्याचा संबंध नाही.

खरी कसोटी अशी. ऑक्सिजन पूर्ण काढून टाका: किमान २० ते ३० मिनिटे नायट्रोजन फिरवा आणि मोजमापाच्या वेळी वर नायट्रोजनचे पांघरूण ठेवा. मग ग्लुकोज टाका. एन्झाइम खरोखर इलेक्ट्रोडला इलेक्ट्रॉन देत असेल, तर एफएडीच्या पोटेन्शियलच्या जवळ ऑक्सिडीकरणाचा प्रवाह उत्प्रेरित होऊन वाढला पाहिजे. वाढला नाही, तर दावा सोडून द्या. जॉर्ज विल्सन यांनी २०१६ मध्ये तर मूळ अवस्थेतील ग्लुकोज ऑक्सिडेजमध्ये थेट हस्तांतरण होतच नाही अशी ठाम भूमिका मांडली. २००४ मध्ये पाटोल्स्की, वाइझमन आणि विलनर यांनी नॅनोट्यूबच्या टोकाला आधी एफएडी बांधून त्याभोवती एन्झाइम पुन्हा उभे केले होते. ती वेगळी आणि कौशल्याची रचना आहे. नुसता थेंब टाकून तसे घडल्याचे सांगणे योग्य नाही.

तुमच्या मार्गदर्शकांना ‘थेट हस्तांतरण’ हा शब्द शीर्षकात हवा असेल, तर हा नायट्रोजनखालचा आलेख त्यांच्यासमोर ठेवा आणि मग ठरवा. आलेख तुमच्या बाजूने असला तर शब्द जरूर वापरा.

१०. व्यत्यय

रक्तात ॲस्कॉर्बिक आम्ल, युरिक आम्ल आणि औषध घेतले असेल तर पॅरासिटामॉल असते. ग्लुकोज ५ मिलिमोलर असताना प्रत्येकी ०.१ मिलिमोलर (युरिक आम्ल ०.३ पर्यंत) टाकून बघा. नाफिऑन पहिल्या दोघांना बरेच रोखते, पॅरासिटामॉलला रोखत नाही, कारण त्या रेणूवर भार नसतो.

नॅनोट्यूबने पेरॉक्साइडचे पोटेन्शियल खाली आणले म्हणून व्यत्यय आपोआप गेला, असे समजू नका. ॲस्कॉर्बेटचे ऑक्सिडीकरणही नॅनोट्यूबवर कमी पोटेन्शियलला होते. ती दोघांनाही सारखीच मदत करते. व्यत्यय फारच जास्त असेल तर प्रशियन ब्लूचा थर हा चांगला उपाय आहे. त्यावर पेरॉक्साइडचे क्षपण शून्य व्होल्टच्या जवळ होते आणि तिथे बहुतेक व्यत्यय आणणारे पदार्थ शांत असतात. मात्र उदासीन आणि त्यापुढच्या पीएचला प्रशियन ब्लू हळूहळू विरघळते.

११. आकडे काढताना

संवेदनशीलता म्हणजे कॅलिब्रेशनच्या सरळ भागाचा चढ भागिले क्षेत्रफळ. ३ मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडचे भौमितिक क्षेत्रफळ ०.०७१ चौरस सेंटिमीटर. चढ मिलिमोलरला ०.७ मायक्रोअँपिअर असेल तर संवेदनशीलता साधारण १० मायक्रोअँपिअर प्रति मिलिमोलर प्रति चौरस सेंटिमीटर. भौमितिक क्षेत्रफळ घेतले की प्रत्यक्ष, ते लिहा. न लिहिता केलेली तुलना निरर्थक असते.

शोधमर्यादा कोऱ्या मोजमापाच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट भागिले चढ. कोरे मोजमाप खरोखर अनेकदा घ्या. आणि अतिसूक्ष्म शोधमर्यादेच्या मागे लागण्याआधी विचार करा: रक्तासाठी २ ते ३० मिलिमोलर ही कक्षा लागते, तिथे एक मायक्रोमोलरची शोधमर्यादा काहीच उपयोगाची नाही. घाम किंवा अश्रूंसाठी मात्र ती लागते, कारण तिथे ग्लुकोज रक्तापेक्षा कितीतरी कमी असते. मिलिमोलरचे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर करायला १८ ने गुणा.

आभासी मायकेलिस स्थिरांक (ज्या संहतीला प्रतिसाद कमालीच्या निम्मा होतो ती) काढताना व्यस्त-व्यस्त आलेखावर (१/प्रवाह विरुद्ध १/संहती) सरळ रेषा बसवण्याची सवय सोडा. त्यात कमी संहतीच्या, म्हणजे सर्वांत जास्त चूक असलेल्या बिंदूंना सर्वांत जास्त वजन मिळते. मूळ वक्रावरच अरैखिक फिटिंग करा. आणि आवरण असेल तर हा स्थिरांक एन्झाइमपेक्षा विसरणाबद्दल जास्त सांगतो, हे चर्चेत लिहा.

एकाच इलेक्ट्रोडवर पाचदा मोजणे आणि पाच वेगळ्या इलेक्ट्रोडांवर मोजणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींचे आकडे द्या. घरगुती ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ १५१९७:२०१३ या मानकात १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली ±१५ मिलिग्रॅम आणि त्याच्या वर ±१५ टक्के या मर्यादेत ९५ टक्के निकाल बसावे लागतात. तुमचे इलेक्ट्रोड एकमेकांपासूनच २० टक्क्यांनी वेगळे असतील, तर ‘रुग्णालयात वापरण्यायोग्य’ असे लिहिण्याची वेळ अजून आलेली नाही.

१२. साठवण

काम झाल्यावर इलेक्ट्रोड बफरने धुऊन ४ अंशांना ठेवा. काही बफरमध्ये बुडवून, काही कोरडे. कोणते जास्त टिकतात ते तुमच्या थरावर अवलंबून असते. टिकाऊपणा तपासायचा तर दर वेळी ग्लुकोजबरोबर पेरॉक्साइडचाही प्रतिसाद घ्या. ग्लुकोजचा उतरला आणि पेरॉक्साइडचा टिकला, तर एन्झाइम मेले किंवा धुऊन गेले. दोन्ही एकत्र उतरले, तर नॅनोट्यूबचा थर सुटतो आहे किंवा पृष्ठभागावर मळ साचला आहे. अशा वेळी नवे एन्झाइम मागवण्याआधी पाचव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात करा.